कूस पालटताना

मिरजेत १८९४ साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिशन रुग्णालयाची स्थापना केली तेव्हापासून दक्षिण महाराष्ट्रातीलच नव्हे, तर लगतच्या कन्नड मुलखातील रुग्णही मिरज-सांगलीच्या शल्यचिकित्सेवर भरवसा ठेवून येत आले आहेत, आणि या लौकिकाचा आपल्या व्यवसायबंधुभगिनींना वाटणारा अभिमान सर्वथा रास्त आहे. परंतु खुब्याचे हाड मोडलेली वृद्धा किंवा अर्धांगवायूने एक अंग लुळे पडलेला गृहस्थ रजा मिळून माधवनगर, बुधगाव, कवलापूर येथील आपापल्या घरी परततात, तेव्हा त्यांचे पुढील कित्येक महिने ज्या सुनेच्या, लेकीच्या अथवा पगारी सेविकेच्या हाती जावयाचे असतात, तिच्या हाती आपण काय देतो? डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांची नावे, मात्रा आणि फेरतपासणीची तारीख यांचा तपशील चोख असतो. या माणसाला कुशीवर कसे वळवावे, याविषयी मात्र बहुधा एक अक्षरही नसते.

याचे परिणाम आपण सारेच पाहतो. उशीवरून खाली घसरलेल्या रुग्णाला काखेत हात घालून वर ओढण्याची जी रीत घरोघरी, आणि खेदाने लिहावे लागते की कित्येक वॉर्डांतही, रूढ आहे, तिच्यात कातडी चादरीला चिकटून जागीच राहते आणि आतील अस्थी व मांस पुढे सरकते. या ताणाने सूक्ष्म रक्तवाहिन्या पिळवटतात, आणि बाहेरून काहीच दिसत नसता माकडहाडापाशी खोल व्रणाचा आरंभ होऊन जातो. लुळ्या बाजूचा खांदा तर स्नायूंच्या आधारावाचून लोंबत असतो. तो अशा एका हिसक्याने सांध्यातून उतरू शकतो. ज्यांची हाडे वार्धक्याने ठिसूळ झाली आहेत, त्यांच्याविषयी निराळे सांगावयास नकोच.

म्हणून पहिला नियम हा की, रुग्णाला ओढू नये, चादरीसह उचलावे. खांद्यापासून मांडीच्या मध्यापर्यंत पोहोचणारी दुहेरी ड्रॉ शीट रुग्णाखाली असावी, दोघांनी दोन बाजूंना उभे राहून तिच्या कडा अंगालगत गुंडाळून धराव्यात आणि एकाच्या इशाऱ्यावर दोघांनी मिळून उचलावे. आपल्याकडे लहान खोलीत खाट भिंतीला भिडवलेली असते. ती प्रथम पुढे ओढून घ्यावी, कारण एकाच बाजूने काम करणाऱ्याची कंबर जाते आणि रुग्णाची कातडी सोलवटते. वळवण्यापूर्वी रुग्णाला, तो बेशुद्ध असला तरीही, आपण काय करीत आहोत ते सांगावे. लघवीची पिशवी ज्या बाजूस वळवावयाचे त्या बाजूस आधी न्यावी. राईल्स ट्यूबमधून चाललेला आहार थांबवावा. ज्या कुशीवर घ्यावयाचे तिच्या विरुद्ध कडेला रुग्णास आधी उचलून सरकवले, म्हणजे वळल्यानंतर तो खाटेच्या मध्यभागी येतो. मग पलीकडचा गुडघा दुमडून, खांदा आणि कंबर यांना हात देऊन त्याला सावकाश वळवावे. पूर्ण कुशीवर निजवल्यास सारा भार खुब्याच्या हाडावर येतो. पाठीशी उशी देऊन सुमारे ३० अंशांचा कल राखणे इष्ट. गुडघ्यांमध्ये एक उशी, आणि पोटऱ्यांखाली दुसरी अशी की टाचा अधांतरी राहतील.

स्पिरिट आणि पावडर लावून पाठ चोळण्याचा शिरस्ता आपल्या वॉर्डांत दीर्घकाळ चालत आला. लाल झालेल्या भागावर चोळणे अपायकारक आहे, आणि मधोमध भोक असलेली रबरी कडीही रक्तप्रवाह अडवते; दोन्ही सोडून द्यावीत. बोटाने दाबूनही लाली फिकी होत नसेल, तर व्रणाची पहिली पायरी आली असे समजावे. सावळ्या कांतीवर लाली दिसतच नाही, तेथे आजूबाजूच्या कातडीहून अधिक ऊब वा टणकपणा हाताने चाचपून पाहणे हाच मार्ग होय.

दर दोन तासांनी कूस पालटण्याचा दंडक सर्वांना मुखोद्गत आहे. हवेच्या गादीवर आणि रुग्णाच्या प्रकृतीनुसार ती मुदत कमीअधिक करण्यास मुभा आहे. परंतु गादी आणली म्हणजे कूस पालटण्याची जबाबदारी संपली, हा समज सर्वस्वी चुकीचा होय.

हे काम हलके लेखणाऱ्यांनी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाकडे पाहावे. तेथीलच परिचारिका अरुणा शानबाग नोव्हेंबर १९७३ मधील अमानुष हल्ल्यानंतर १८ मे २०१५ रोजी देहान्त होईपर्यंत अंथरुणाला खिळून होत्या. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ च्या निकालात तेथील परिचारिकांच्या सेवेचा मुक्तकंठाने गौरव केला. तोवरच्या सदतीस वर्षांत शानबाग यांना एकही शय्याव्रण झालेला नव्हता. बदल्या झाल्या, निवृत्त्या झाल्या, परिचारिकांच्या पिढ्या पालटल्या, परंतु दिवसपाळीने जे काम सोडले ते रात्रपाळीने उचलले. त्यासाठी दुर्मीळ यंत्रसामग्री लागली नाही. लागली ती पाळीगणिक कसूर न होऊ देणारी शिस्त. महापालिकेच्या रुग्णालयात जे घडू शकले, ते आपल्या रुग्णालयांत अशक्य मानण्यास कारण दिसत नाही.

तेव्हा या अंकाच्या वाचकांस आमची विनंती एवढीच की, अंथरुणास खिळलेल्या रुग्णास रजा देण्यापूर्वी घरातील दोन माणसांना खाटेजवळ उभे करावे, ड्रॉ शीट त्यांच्या हाती द्यावी, त्यांच्याकडून कूस पालटवून घ्यावी, आणि ती त्यांना साधली याची नोंद सहीनिशी कार्डावर करावी. ही नोंद होईपर्यंत रजेचा कागद पुरा झाला असे कोणी मानू नये.