नादारी म्हणजे नाचक्की नव्हे

मराठीत ‘दिवाळे’ या शब्दाइतका अवमानकारक आर्थिक शब्द क्वचितच सापडेल. पेढीवाल्याने भर दिवसा दुकानाच्या दारात दिवा लावून आपली असमर्थता जाहीर करावयाची, या जुन्या प्रथेतून तो आला असे परंपरेने सांगितले जाते. प्रथा केव्हाच लोपली. शब्दाला चिकटलेली लाज मात्र उरली. कायद्याने त्याच अवस्थेसाठी ‘नादारी’ हा निराळा शब्द योजला आहे. त्या शब्दात निंदा नाही. ऋणकोची मत्ता त्याचे ऋण फेडण्यास पुरत नाही, एवढेच वास्तव त्यात नोंदविलेले आहे. समाजाचा शब्द आणि कायद्याचा शब्द यांमधील हे अंतर अनेक प्रामाणिक कुटुंबांना महाग पडते.

जालना जिल्ह्याचे अर्थकारण या दृष्टीने उद्बोधक आहे. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण येथल्या बाजारपेठेने सार्थ केली. बियाणे उद्योग, लोखंडाच्या रोलिंग मिल आणि मोंढा यांनी शहर नावारूपास आणले. परंतु ही सारी इमारत उधारीच्या पायावर उभी आहे. कापूस-सोयाबीनचा शेतकरी खतबियाणे उधारीवर उचलतो, दुकानदार ठोक व्यापाऱ्याचे देणे लागतो, आडत्या हंगामाच्या भरवशावर उचल देतो. २०१२-१३ च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा वाळल्या तेव्हा नुकसान केवळ बागाईतदाराचे झाले नाही. पाऊस हुकला की साखळीतील प्रत्येक कडी ताणली जाते. अशा वेळी कायदा कोणता आसरा देतो, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. जे ठाऊक असते त्यात गैरसमजच अधिक.

पहिला गैरसमज असा की, दिवाळखोरी ही केवळ कंपन्यांसाठी आहे. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेची वृत्तपत्रांतून जी चर्चा होते ती मोठ्या उद्योगांची असल्यामुळे हा समज दृढ झाला. वस्तुतः मुंबई, कलकत्ता व मद्रास या जुन्या इलाखा शहरांसाठी १९०९ चा, तर उर्वरित मुलखासाठी १९२० चा प्रांतिक नादारी अधिनियम आहे. शंभर वर्षांहून जुना हा कायदा अद्याप जिवंत असून, पाचशे रुपयांचे ऋणही फेडण्यास असमर्थ असलेला माणूस त्याखाली अर्ज करू शकतो.

दुसरा गैरसमज तुरुंगाचा. ‘कर्ज बुडाले की बेडी पडते’ ही भीती वसुलीस येणारी माणसे हेतुतः वाढवितात. परंतु केवळ दारिद्र्यापोटी ऋण फेडता न येणे हा अपराध नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये जॉली जॉर्ज व्हर्गीस प्रकरणात निःसंदिग्धपणे सांगितले. ऐपत असूनही टाळाटाळ करणे किंवा अप्रामाणिकपणा सिद्ध झाल्याखेरीज ऋणकोला दिवाणी तुरुंगात धाडता येत नाही. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला तर अटक करताच येत नाही. नादार ठरलेल्या व्यक्तीस अटकेपासून संरक्षणाचा आदेश मागता येतो, आणि ऋणकोची मिळकत न्यायालयाच्या किंवा रिसीव्हरच्या ताब्यात गेल्यावर धनकोंना न्यायालयाच्या परवानगीवाचून नवे दावे लावता येत नाहीत. धनादेश न वटल्याचा खटला मात्र फौजदारी स्वरूपाचा असून तो या अर्जाने आपोआप थांबत नाही, हेही ध्यानात ठेवावयास हवे.

तिसरा गैरसमज सर्वस्व जाण्याचा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या साठाव्या कलमाने जी वस्तू जप्त होऊ शकत नाही, ती नादारीतही जात नाही. अंगावरची वस्त्रे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची औजारे, उपजीविकेस न्यायालयाला आवश्यक वाटतील तेवढी गुरे व बियाणे, शेतकरी किंवा मजूर स्वतः राहत असलेले घर, आणि धर्माचारानुसार स्त्रीला अंगावेगळे करता न येणारे दागिने यांना संरक्षण आहे. शेतजमिनीला मात्र या कलमाने सरसकट अभय दिलेले नाही, आणि तारण दिलेल्या मिळकतीवरील धनकोचा हक्कही अबाधित राहतो. संरक्षण आहे ते संसाराला आणि श्रमाच्या साधनांना.

याच्या उलट टोकाचा चौथा गैरसमज असा की, अर्ज केला म्हणजे ऋण संपले. नादार ठरविले जाणे ही पहिली पायरी. ऋणातून विमुक्ती ही दुसरी. न्यायालयाने ठरविलेल्या मुदतीत विमुक्तीसाठी स्वतंत्र अर्ज न केल्यास पहिला आदेशच रद्द होतो. शिवाय सरकारी देणे, फसवणुकीने केलेले ऋण आणि पोटगी यांतून विमुक्ती नाही, आणि जामीनदारही सुटत नाही. ‘आधी जमीन बायकोच्या किंवा मेव्हण्याच्या नावे करून टाका’ हा मोंढ्यावर फुकट मिळणारा सल्ला तर आत्मघातकीच होय. त्यानंतर दोन वर्षांच्या आत नादारीचा अर्ज होऊन माणूस नादार ठरल्यास, योग्य मोबदल्यावाचून केलेले असे हस्तांतरण न्यायालय रद्द करू शकते, आणि लबाडीने मिळकत दडविणारा खरोखरच तुरुंगाचा धनी होतो.

पाचवा गैरसमज सर्वांत हृदयद्रावक आहे. ‘मी मेलो की कर्ज मिटेल’ असे एका बाजूस, तर ‘माझे कर्ज मुलाच्या मानगुटीवर बसेल’ असे दुसऱ्या बाजूस मानले जाते. दोन्ही समज चुकीचे आहेत. बापाचे ऋण फेडण्याचे हिंदू पुत्राचे धार्मिक कर्तव्य २००५ च्या दुरुस्तीने, त्यापुढील ऋणांपुरते, संपुष्टात आले. त्यामुळे वारसाची जबाबदारी वारशाने मिळालेल्या मिळकतीपुरती उरते; परंतु त्या मिळकतीवरचा बोजा कोणाच्या मरणाने उतरत नाही. ज्या मराठवाड्यात ऋणापायी शेतकऱ्यांनी प्राण दिले, तेथे हे ज्ञान घरोघर पोहोचू नये ही आपणा सर्वांचीच लाज आहे.

अर्थात दोष केवळ लोकांच्या अज्ञानाचा नाही. रुपयामागे आठ आणे फेडण्याइतकी मत्ता नसेल तर बिनशर्त विमुक्ती नाकारावी, असा नियम १९२० चा कायदा घालतो. ही स्थिती आपल्या दोषावाचून ओढवली असे ऋणकोने सिद्ध केल्यास अपवाद आहे; दुष्काळाने बुडालेल्या शेतकऱ्याच्या बाजूने हाच युक्तिवाद उभा करता येतो. पण तो उभा करणारे किती? २०१६ च्या संहितेत व्यक्तींसाठी स्वतंत्र भाग लिहिला गेला. त्यातील तरतुदी १ डिसेंबर २०१९ पासून केवळ कंपन्यांच्या जामीनदारांना लागू झाल्या. सामान्य ऋणको प्रतीक्षेतच राहिला. आणि उद्या त्या सर्वांना लागू झाल्या तरी, ज्याचे वार्षिक उत्पन्न साठ हजारांच्या, मत्ता वीस हजारांच्या आणि ऋण पस्तीस हजारांच्या आत आहे आणि ज्याला स्वतःचे घर नाही, अशालाच तीतील ‘नव्या प्रारंभा’ची सवलत मिळावयाची आहे. झोपडीवजा घर व दोन एकर कोरडवाहू असलेला घनसावंगीचा किंवा भोकरदनचा शेतकरी या चौकटीत बसत नाही.

ऋणकोची दखल घेण्याची बुद्धी आपल्याला कधीच झाली नाही असे नाही. १८७५ च्या दंग्यांनंतर पुणे, नगर, सातारा व सोलापूर या जिल्ह्यांसाठी झालेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्यात शेतकऱ्याच्या नादारीसाठी स्वतंत्र प्रकरण होते, आणि पैशाच्या हुकूमनाम्यापोटी त्याला अटक करण्यास बंदी होती. परक्या सरकारला दंग्यांनंतर जे सुचले, ते लोकशाही सरकारला दंग्यांवाचून सुचावयास हवे. कर्जमाफ्या २००८, २०१७ व २०१९ मध्ये जाहीर झाल्या. पण माफी ही राज्यकर्त्यांची मेहेरबानी असते, आणि खाजगी सावकाराचे किंवा दुकानदाराचे देणे तिच्या कक्षेत येत नाही. नादारी हा हक्क आहे, आणि तो सर्व ऋणांचा एकत्र हिशेब मांडतो.

म्हणून मागणी दुहेरी आहे. केंद्राने संहितेतील वैयक्तिक भाग सुधारित मर्यादांसह अमलात आणावा. आणि तोवर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने १९२० च्या कायद्याची माहिती सोप्या मराठीत तालुक्या-तालुक्यांतून द्यावी. व्यापारात जोखीम आहे, शेतीत तर ती पावलोपावली आहे. जोखीम घेणाऱ्याला पडल्यावर उठण्याचा मार्ग नाकारणारा समाज अखेरीस जोखीम घेणारेच गमावून बसतो.