गडाला रोपवे आहे, खाडीला लाँच कधी?

वीकेंडला हिरकणीवाडीत आलात तर रोपवेची रांग बघा. पुण्या-मुंबईच्या कॉलेजांचे ग्रुप, सेल्फी, वर हिरकणी बुरुज, खाली पिठलं-भाकरी. झाला रायगड! पण राजधानीच्या या मुलखात पाण्यावरूनही येता यायचं, हे त्यातल्या किती जणांना माहीत असतं?

महाड हे जुनं बंदर. महाबळेश्वरला उगम पावणारी सावित्री बाणकोटला समुद्राला मिळते. तिच्या खाडीतून भरतीच्या पाण्यावर गलबतं आत यायची. फार जुनी गोष्ट वाटते? २५ डिसेंबर १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठी ‘पद्मावती’ बोटीने दासगाव बंदरात उतरले आणि तिथून महाडला आले. त्याच रात्री मनुस्मृतीचं दहन झालं. एवढा इतिहास ज्या धक्क्यावर उतरला, ते दासगाव आज आपण हायवेवरून दोन मिनिटांत मागे टाकतो.

‘गाळ साचला, रस्ते झाले, बंदर संपलं, त्यात काय एवढं?’ असं कुणी म्हणेल. उत्तर फ्रान्सचं उदाहरण घ्या. सीन नदीच्या मुखाजवळची जुनी बंदरं गाळाने भरत गेली, म्हणून १५१७ मध्ये ल आव्र हे नवं बंदर वसवलं गेलं. पण जुन्या ऑन्फ्लरने पाण्याकडे पाठ नाही फिरवली. तिथल्या सतराव्या शतकातल्या गोदीत आज यॉट उभ्या असतात, अगदी गावाच्या मधोमध. ओहोटीला गोदी रिकामी होऊ नये म्हणून दार आहे. ठरलेल्या वेळी पूल उचलला जातो, दार उघडतं, होड्या आत येतात. सां-मालोला तर भरती-ओहोटीतला फरक १२ मीटरच्या वर जातो, तिथेही हीच युक्ती. लोक शिडाच्या होडीतून एकेक बंदर करत फिरतात आणि गावातली हॉटेलं, दुकानं, होड्या दुरुस्त करणारे, सगळ्यांना काम मिळतं.

आपल्याला यॉट नकोच, परवडणारही नाही. साधी लाँच पुरे. खाडीच्या तोंडाशी वेसवी-बागमांडला फेरीबोट माणसांसोबत गाड्याही नेते. मग भरतीची वेळ साधून बाणकोट ते दासगाव अशी छोटी लाँच का नको?

प्रश्न फक्त ट्रिपचा नाही. सावित्री आपल्याला आठवते ती पुरात. जुलै २०२१ मध्ये महाड पाण्याखाली गेलं, तेव्हा ‘गाळ काढा’ हा शब्द सगळ्यांच्या तोंडी होता. पाणी ओसरलं की तो आवाजही ओसरतो. लाँच सुरू झाली म्हणून पूर थांबणार नाही, हे मान्य. पण रोज त्या पाण्यावरून जाणारा तांडेल असेल, तर गाळ कुठे चढला हे त्याला पावसाळ्याआधीच कळेल. ज्या नदीवर कुणाचं पोट आहे, तिच्यासाठी वर्षभर भांडणारं कुणीतरी असतं. आणि गाळाच्या नावाखाली वाळू कोण पळवतंय, यावरही त्याची नजर राहील.

म्हणून पुढच्या ट्रिपला गड नक्की करा, पण परतताना दासगावला गाडी थांबवा. खाडी बघा. आणि कॉलेजचं एक निवेदन मेरीटाइम बोर्डाला जाऊ द्या. रोपवेच्या रांगेत तासभर उभं राहतो आपण, एका सहीला कितीसा वेळ लागतो?