संमोहन आणि हरवलेली झोप

कल्याण-डोंबिवलीच्या चाकरमान्याची झोप दोन प्रकारे हरवते. एकाला झोपावयास वेळच उरत नाही. दुसऱ्याचा अंथरुणावर पडूनही डोळा लागत नाही. संमोहनोपचाराचा विचार करताना हा भेद ध्यानी घेणे अगत्याचे आहे. १८४०च्या दशकात स्कॉटिश शल्यवैद्य जेम्स ब्रेड याने या विद्येचे इंग्रजी नाव निद्रावाचक ग्रीक शब्दावरून रूढ केले. परंतु संमोहन म्हणजे निद्रा नव्हे, ती एकाग्र शिथिलता होय. चिंतेने जागणाऱ्या काहींना तिचा उपयोग होतो. तथापि पुरावा अद्याप तोकडा आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ साली जुनाट निद्रानाशावर प्रथमोपचार म्हणून विचार व वर्तन पालटणारी उपचारपद्धती सुचविली, संमोहन नव्हे. तेव्हा प्रशिक्षित तज्ज्ञाकडून पूरक उपाय म्हणून ते घ्यावे; जाहिरातींतील चमत्कारांस भुलू नये. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासूनचे. तरीही त्याची पायरी चढण्यास लोक लाजतात, हे दुर्दैव होय. मात्र पहाटेच्या लोकलने गिळलेले तास कोणतीही सूचना परत देणार नाही. त्यासाठी रोजगारच घराजवळ यावयास हवा. तो प्रश्न उपचारकाचा नव्हे, राज्यकर्त्यांचा आहे.