ताऱ्यांनाही घाट हवा!

गेल्या रविवारी भाच्याने त्याच्या गोष्टीतल्या आकाशगंगेचा नकाशा दाखवला. चाळीस तारे, आणि प्रत्येकापासून प्रत्येकाकडे रेघ! "मामा, कुठूनही कुठेही जाता येतं!" मी म्हटलं, "मग बाळा, गोष्ट कुठे अडते?" झालं, स्वारी रुसली. वर ताईचा टोमणा, "कल्पनाच आहे ना ती? कशाला मोडता घालतोस?"

ताई, हे उत्तर तुला आणि "कल्पना म्हणजे काहीही चालतं" म्हणणाऱ्या सगळ्यांना.

'ट्रॅव्हलर' हा खेळ 1977 साली आला. त्यातलं यान एका उडीत 1 ते 6 पार्सेक जातं, जसं यंत्र तशी मजल. उडी लांब असो की आखूड, वेळ साधारण एक आठवडा. आणि निरोप यानाहून वेगाने जात नाही. नियम एवढेच. पण बघा काय होतं! एकाच पार्सेकची उडी झेपणाऱ्या स्वस्त मालवाहू यानाला एकमेकांना खेटून असलेल्या ताऱ्यांची साखळीच धरावी लागते. साखळीवरच्या फडतूस ग्रहालाही मग भाव येतो, आणि जरा बाजूला पडलेला चांगला ग्रह एकाकी राहतो. राजधानीत बंड झालं तरी सरहद्दीला ते कळायला महिने लागतात. हे मार्ग कुणी पट्टी घेऊन आखले नाहीत, अडचणीतून ते आपोआप पडले.

आपल्याकडे वेगळं काय झालं? सातवाहनांच्या काळात कोकणातला माल नाणेघाटाने जुन्नरकडे चढायचा. घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून दगडी रांजण आजही दाखवतात. सह्याद्री आडवा आहे म्हणून तो रांजण तिथे आहे. सपाट माळावर जकात कोण भरेल? लोक बाजूने निघून जातील!

आता कुणी म्हणेल, 'ट्रॅव्हलर'चा नकाशा तरी कुठे खरा आहे? सपाट कागदावरच्या षट्कोनी घरांत तारे मांडलेत, खरं आकाश त्रिमिती असतं. मान्य! आपल्या आकाशात शेजारी दिसणाऱ्या मित्र ताऱ्यांपैकी एक सव्वाचार प्रकाशवर्षांच्या जरा पुढे, तर दुसरा जवळजवळ चारशे. पण माझं भांडण शास्त्रासाठी नाहीच. शास्त्र थोडं चुकलं तरी गोष्ट तगते. अडचणच नसेल तर मात्र ना व्यापारी उरतो, ना चाचा, ना घरच्या पत्राची वाट बघणारा कुणी.

असो. शनिवारी ताईकडे जेवायला जातोय, भाच्यासाठी खोडरबर घेऊन. :-)