नावाच्या पत्राला दंड, बिननावाच्या कागदाला सवलत!

2025 मध्ये टपाल खात्याने रजिस्टर पत्राची स्वतंत्र सेवा बंद करून ती स्पीड पोस्टात विलीन केली. ‘विलीनीकरण’ हा शब्द आम्हां सीमावासीयांना प्राणप्रिय. पण लाखो लोकांनी मागितलेले विलीनीकरण 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात तिष्ठत पडते आणि कोणीही न मागितलेले एका परिपत्रकासरशी पार पडते, हा दिल्लीचा न्याय अजब म्हटला पाहिजे!

या विलीनीकरणाचा भुर्दंड कोणावर पडला ते पाहा. पूर्वी 20 ग्रॅमच्या पत्रास 5 रुपयांचे तिकीट व 17 रुपये नोंदणी, म्हणजे कर सोडून 22 रुपये पडत. 1 ऑक्टोबर 2025 पासूनच्या दराने बेळगावाहून मुंबईस वा दिल्लीस जाणाऱ्या 50 ग्रॅमपर्यंतच्या पत्राला 47 रुपये, वर नोंदणीचे 5; म्हणजे कर सोडून 52. गावातल्या गावात 19 रुपयांत स्पीड पोस्ट जाते, असे खात्याचे कैवारी सांगतील. परंतु आमची गाऱ्हाणी गावातच सुटत असती, तर आम्हांस दिल्लीची वाट कशाला धरावी लागली असती?

रजिस्टर ही चैनीची वस्तू नव्हे; तो गरिबाचा साक्षीदार आहे. योग्य पत्त्यावर रजिस्टरने पाठविलेला कागद, उलट सिद्ध होईपर्यंत, पोहोचला असेच मानावे, असे 1897 चा जनरल क्लॉजेस ॲक्ट सांगतो. घटनेच्या 350 व्या कलमाने संघराज्यात वा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क नागरिकास दिला आहे. खानापूर-निपाणीचा शेतकरी मराठीत अर्ज धाडतो, तेव्हा ‘अर्ज मिळालाच नाही’ या सरकारी उत्तरावर त्याच्यापाशी एकच तोड असते : रजिस्टरची पावती. तीच आज दुपटीहून महाग झाली. हक्क कागदावर आणि पुरावा आवाक्याबाहेर, याला काय म्हणावे?

याउलट, ज्या कागदाला धनी नाही त्याचे लाड पाहा. 2002 साली खात्याने मेघदूत पोस्टकार्ड काढले. साधे कार्ड 50 पैशांस; पत्त्याच्या बाजूस व्यापाऱ्याची जाहिरात वाहणारे 25 पैशांस. पुढे डायरेक्ट पोस्ट निघाले. त्यात नावपत्ता लागतच नाही. जाहिरातींचे गठ्ठे पोस्टमनने घरोघर टाकावयाचे! ज्याला कोणी बोलाविले नाही त्या कागदास सवलत आणि ज्याची कोणी वाट पाहतो त्या पत्रास दंड, ही कोणती सुधारणा?

खात्यापाशी पैसा नाही म्हणावे, तर तेही खरे नव्हे. 2012 साली संगणकीकरणाच्या योजनेस 4,909 कोटी रुपये मंजूर झाले. पुढे दुसऱ्या फेरीस 5,785 कोटी. ही नवी यंत्रणा देशभर सुरू झाली 4 ऑगस्ट 2025 रोजी. आणि राखी पौर्णिमा होती 9 ऑगस्टला! बहिणींच्या पाकिटांनी पेट्या भरतात तोच आठवडा प्रयोगास निवडल्यावर ठिकठिकाणी संगणक अडले आणि रांगा वाढल्या, यात नवल कसले?

आम्ही यंत्राचे वैरी नाही. 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झालेला पिनकोड श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने, संस्कृतच्या व्यासंगी पंडिताने, रचला. सारख्या नावांची गावे आणि नाना भाषांतील पत्ते यांचा घोळ त्यांनी सहा आकड्यांनी सोडविला. पत्र वाहणाऱ्या माणसाची अडचण ओळखून केलेली सुधारणा ती ही. आज ते पत्र खेड्यातील दारापर्यंत नेणारा ग्रामीण डाकसेवक खात्याच्या नियमित नोकरांत मोजलाही जात नाही; 2018 मध्ये त्याच्या रोजच्या चार तासांच्या कामाचा किमान मूळ मोबदला महिना 10,000 रुपये ठरला. यंत्रास हजारो कोटी आणि माणसास एवढेच!

आमची मागणी स्पष्ट आहे. रजिस्टर पत्राचा स्वस्त दर पुन्हा लागू करा. दोन्ही फेऱ्यांच्या खर्चाचा हिशेब संसदेपुढे कलमवार ठेवा. डाकसेवकास नियमित नोकराचा दर्जा द्या.

वाचकहो, साधे पोस्टकार्ड घ्या आणि या मागण्या स्वच्छ मराठीत लिहून दिल्लीस धाडा. कार्डाला पावती मिळत नाही, हे खरे. पण एकेका गावातून शेकडो कार्डे निघाली की ती आपली पोच आपणच देतात!