द्राक्षांच्या गावातल्या पेठा

हल्ली आमच्या मुलुंडमध्ये कुणी "नाशिकला जाऊन आलो" म्हटलं, की पुढचा प्रश्न येतो, "देवाला की वायनरीला?" जणू नाशिकला जायची ही दोनच कारणं उरली आहेत. साठीपुढची मंडळी पंचवटी, रामकुंड, त्र्यंबकेश्वर करून येतात. चाळिशीच्या आतली मंडळी गंगापूर धरणाकडे जातात, द्राक्षमळ्यात फोटो काढतात आणि रविवारी रात्री परत येतात. एकाच गावाला जाऊन आलेले हे दोन गट एकमेकांशी बोलायला बसले, तर त्यांना समान असा विषयच सापडणार नाही!

मला या दोघांपैकी कुणाविरुद्धही तक्रार करायची नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की या दोन नाशिकांच्या मध्ये एक तिसरं नाशिक आहे, ते म्हणजे पेठांचं आणि गल्ल्यांचं. खरं गाव तेच. आणि त्याच्याकडे कुणीच बघत नाही.

हे सुचायला कारण झालं स्पेनमधलं एक गाव. माझी भाची तिकडे फिरून आली आणि तिने मला ढीगभर फोटो आणि माहितीपत्रकं दाखवली. नकाशे मांडून इतिहास शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे मी मग त्या गावाविषयी मिळेल ते वाचत सुटले. गावाचं नाव आरो. लिहिताना 'हारो' लिहितात, पण तिथे 'ह' चा उच्चार करत नाहीत. ला रिओहा प्रांतातलं हे जेमतेम बारा हजार वस्तीचं गाव वाईनसाठी जगभर प्रसिद्ध आहे.

आता गंमत पाहा. १८६३ च्या सुमाराला बिल्बाओ बंदराकडे जाणारी आगगाडी या गावातून सुरू झाली. पुढे फ्रान्समधल्या द्राक्षवेलींना फायलोक्सेरा नावाच्या किडीने ग्रासलं, मळेच्या मळे उजाड झाले, आणि फ्रेंच व्यापारी वाईनच्या शोधात डोंगर ओलांडून इकडे आले. पिंपं आगगाडीत चढवायची, तर कोठारं स्टेशनाजवळच हवीत! म्हणून स्टेशनाभोवती वाईनच्या कोठारांची एक अख्खी वस्तीच उभी राहिली. १८७७ साली सुरू झालेली लोपेझ दे एरेदिया ही पेढी त्यातलीच, आणि ती आजही तिथेच आहे. त्या वस्तीला नावच 'स्टेशन मोहल्ला' अशा अर्थाचं पडलं. या व्यापाराच्या पैशाने गाव इतकं सुधारलं की स्पेनमध्ये विजेचे दिवे सर्वांत आधी लागलेल्या गावांत आरोचं नाव घेतात. गावाच्या जुन्या भागातल्या खानावळींच्या गल्ल्यांना 'घोड्याची नाल' म्हणतात. पाहुणा दुपारी कोठार बघतो आणि संध्याकाळी पायी पायी या गल्ल्यांत येतो. वाईनचा पैसा असा फिरत फिरत गावातल्या भटारखान्यापर्यंत आणि वाण्यापर्यंत पोचतो.

नाशिकचं नेमकं उलटं झालं. आगगाडी आली ती गावापासून आठ-नऊ किलोमीटर लांब, नाशिकरोडला. गाव आणि स्टेशन जोडायला १८८९ साली घोड्यांची ट्राम सुरू झाली होती आणि ती मेनरोडपर्यंत यायची, हे आज नाशिककरांनाही सांगावं लागतं. १९३० नंतरच्या काही वर्षांत ती बंद पडली. वाईनचा धंदा तर अगदी अलीकडचा. 'सुला'ची पहिली वाईन २००० साली बाजारात आली, २००१ साली राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं आणि मग गंगापूर, दिंडोरी, इगतपुरी या भागांत वायनऱ्या उभ्या राहिल्या. 'नाशिक व्हॅली वाईन' या नावाला भौगोलिक मानांकनही मिळालं. हे सगळं चांगलंच झालं. पण मळे गावाबाहेर, मुक्काम गावाबाहेर, जेवण गावाबाहेर. बाटलीवर नाशिकचं नाव आहे, आणि पाहुण्याने नाशिक पाहिलेलंच नाही!

बरं, ज्या रस्त्याने पाहुणा मळ्यांकडे जातो तो गंगापूर रस्तासुद्धा काही मुका नाही. वाटेत आनंदवल्ली लागते. राघोबादादांनी तिथे वाडा बांधला आणि आनंदीबाईंच्या नावावरून गावाचं नाव पडलं. आणखी पुढे गंगापूर. माधवरावांच्या मातोश्री गोपिकाबाई उतारवयात तिथे राहिल्या. पेशवाईतल्या दोन टोकाच्या बायका एकाच रस्त्यावर! ज्यांच्या वैराने शनिवारवाडा पोखरला, त्यांच्या आठवणी इथे हाकेच्या अंतरावर आहेत. मोटारीच्या काचेतून मात्र फक्त जाहिरातींचे फलक दिसतात.

गेल्या फेब्रुवारीत लेक-जावई आणि नातवाबरोबर मी नाशिकला गेले. पहिला दिवस त्यांचा, मळ्यात गेला. मी सरबत घेतलं आणि द्राक्षांचे घोस पाहिले, छान वाटलं. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "आज माझा दिवस." लेक म्हणाली, "आई, त्या गल्ल्यांत बघायचं काय आहे?" म्हटलं, "चल तर खरी."

काय बघायचं? आधी नुसती नावंच वाचावीत. सराफ बाजार, भांडी बाजार, तांबट लेन, पगडबंद लेन, हुंडीवाला लेन, बोहोरपट्टी, दहीपूल. सोनं घडवणारे, तांबं ठोकणारे, पगड्या बांधणारे, हुंड्या वटवणारे असं एका गावाचं सगळं अर्थशास्त्र या पाट्यांवर लिहिलेलं आहे. सराफ बाजाराजवळ पेशवाईतला सरकारवाडा आहे. तिळभांडेश्वर गल्लीत सावरकरांच्या मित्रमेळ्याच्या बैठका व्हायच्या. विजयानंद थिएटरात २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री 'शारदा' नाटकाच्या खेळाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरेने गोळ्या झाडल्या. मुलांना हा धडा मी कितीदा शिकवला असेन, पण ती जागा एवढी दाटीवाटीत, बाजाराच्या अगदी कुशीत आहे, हे पुस्तकातून कळत नाही. १८४० साली स्थापन झालेलं सार्वजनिक वाचनालय आजही चालू आहे. एवढ्या जुन्या वाचनालयाची परंपरा आपल्याकडे किती गावांत आहे, सांगा बघू!

नदीकाठी नारोशंकराचं देऊळ. त्याची घंटा १७३९ च्या वसईच्या विजयाची आठवण. वसईची लढाई झाली ती आमच्या ठाणे-मुलुंडच्या मुलखाशेजारी, आणि तिचा नाद राहिला गोदावरीकाठी! नदीच्या पुराची उंची नाशिककर दुतोंड्या मारुतीवर मोजतात. "पाणी कुठवर आलं?" असं कुणी विचारलं की उत्तर मीटरमध्ये नाही मिळत, "मारुतीच्या कमरेपर्यंत" असं मिळतं. आणि पलीकडे पंचवटीत काळाराम मंदिर. २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला तो याच दारात. दादासाहेब गायकवाड आणि त्यांच्या साथीदारांनी तो पाच वर्षं चालवला. नातवाला दारात उभं करून मी हे सांगितलं. तो म्हणाला, "आजी, देवळात जायला पाच वर्षं भांडले? आणि मग सोडलं?" या प्रश्नाचं उत्तर देता देता आमचा एक तास गेला. असा तास मळ्यात मिळत नाही.

आरोची आणखी एक गोष्ट सांगते. दर वर्षी २९ जूनला तिथले लोक पांढरे कपडे घालून, गळ्यात लाल रुमाल बांधून गावाजवळच्या डोंगरावरच्या देवळात जातात आणि मग एकमेकांना वाईनने नखशिखान्त भिजवतात. हे बघायला आता लांबलांबून लोक येतात. आमच्या नाशिकच्या रहाडी काय कमी आहेत? पेशवेकाळापासून शनि चौक, तिवंधा, दिल्ली दरवाजा अशा ठिकाणी जमिनीखाली दगडी हौद आहेत. वर्षभर ते झाकलेले असतात आणि माणसं-गाड्या त्यावरून जात-येत असतात. रंगपंचमीच्या आधी ते उघडतात, त्यांची पूजा करतात आणि फुलांपासून उकळून केलेला रंग त्यांत भरतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. मग लोक त्यात धपाधप उड्या मारतात, त्याला 'धप्पा' म्हणतात. रस्त्याखाली वर्षभर झाकून ठेवलेला सण! आरोच्या वाईनयुद्धाविषयी परदेशात लिहून येतं, आणि मुलुंडच्या माणसाला रहाड हा शब्दही ठाऊक नसतो. यात चूक स्पेनची नाही.

आता आक्षेप. पहिला आक्षेप असा की तीर्थक्षेत्र आणि दारू एकत्र कशाला आणायची? जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांत वाईन विकायला परवानगी देण्याचं ठरवलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला आणि तो निर्णय कसा बारगळला, ते आपण पाहिलंच. मी स्वतः घेत नाही आणि पेठेत पेले मांडा असंही म्हणत नाही. मद्य मळ्यातच राहू दे. पण मळ्यात आलेल्या माणसाला गावात यायला काय हरकत आहे? पेठेत मिसळ आहे, जिलबी आहे, चिवडा आहे. तेवढ्यावर माणूस तृप्त होतो हो!

दुसरा आक्षेप फार गंभीर आहे. अरुंद गल्ल्या जीव घेतात. २७ ऑगस्ट २००३ ला सिंहस्थातल्या शाही मिरवणुकीच्या वाटेवर, सरदार चौकाच्या उतारावर चेंगराचेंगरी झाली आणि तीसहून अधिक भाविक गेले. शिवाय दर पावसाळ्यात एखादा जुना वाडा कोसळल्याची बातमी येतेच. महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. भाडं नाममात्र, वारस वीस-पंचवीस, दुरुस्ती कुणी करायची? अशा वाड्यात राहणाऱ्याला मी 'वारसा जपा' म्हणून उपदेश करणं सोपं आहे, कारण माझ्या डोक्यावर मुलुंडमध्ये सिमेंटचं छप्पर आहे. ज्याच्या माडीचा तुळया-कड्यांचा भार पावसात वाजतो, त्याला विचारलं पाहिजे. आणि गर्दीसाठी वाट रुंद लागणार असेल, तर ती व्हावीच, त्यात दुमत नाही. माणसापेक्षा कुठलाही महिरपी दरवाजा मोठा नाही.

पण इथेच तर माझा मुद्दा आहे. वाडा पडतो तो जुना झाला म्हणून नव्हे, त्यातून कुणाला काही मिळत नाही म्हणून. मळ्याकडे येणाऱ्या हजारो पाहुण्यांपैकी थोडे जरी अर्धा दिवस पेठेत आले, एखाद्या नीट केलेल्या वाड्याच्या माडीवर एक रात्र राहिले, तांबटाकडून एक तांब्या घेऊन गेले, तर दुरुस्तीला पैसा आणि कारण दोन्ही मिळतील. पडका वाडा वाचवा असं मी म्हणत नाही. उभा आहे तो पडायच्या आत त्याला कामाला लावा, एवढंच म्हणते.

तिसरा आक्षेप, पाहुण्यांनी गाव नासतं. हेही खरं आहे. स्पेनमध्येच, बार्सिलोना शहरात जुलै २०२४ मध्ये रहिवाशांनी मोर्चा काढून पर्यटकांवर पिचकाऱ्यांनी पाणी उडवलं. घरभाडी इतकी वाढली की गाववाल्यांनाच गावात राहता येईना. पण आजाराच्या भीतीने उपाशी राहू नये. आपल्या पेठांना आज अपचन झालेलं नाही, त्यांना उपासमार झाली आहे. ताटात किती वाढायचं ते पेठेतल्या लोकांनीच ठरवावं. गाईड तिथलाच असावा, खोली त्यांचीच असावी, पैसा त्यांच्याच गल्ल्यात पडावा. माणसं म्हणजे संग्रहालयातल्या वस्तू नव्हेत, एवढं भान पाहुण्यांनीही ठेवावं. दारातल्या आजीचा फोटो तिला विचारल्याशिवाय काढू नये.

हे आत्ताच सांगायची घाई का? तर २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. रस्ते होतील, घाट होतील, कोट्यवधी रुपये खर्ची पडतील. ५ जून २०२५ पासून समृद्धी महामार्ग इगतपुरीहून थेट भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत आला आहे, म्हणजे नाशिक आमच्या दाराशीच आलं. येणारे वाढणारच. ते कुठे जाणार, हे मात्र या दोन वर्षांत ठरणार आहे. कुंभाच्या आराखड्यात घाटांसारखीच पेठांनाही एक ओळ हवी. कुठली वाट रुंद करायची, कुठला वाडा सावरायचा, कुठल्या रहाडीवर डांबर टाकायचं नाही, हे आधी कागदावर यायला हवं. डांबर एकदा पडलं की खाली काय होतं ते दहा वर्षांत विसरलं जातं. ट्राम विसरलो, तसंच.

आणि आपण मुंबईकरांनी काय करायचं? फार काही नाही. पुढच्या वेळी मळ्याला जाल तेव्हा परतायची वेळ चार तास पुढे ढकला. गाडी बाहेर ठेवा आणि रविवार कारंजापासून चालायला लागा. मुलांना बरोबर घ्या, पायात बऱ्या चपला घाला. कुणाला वाट विचारलीत तर नाशिककर वाट सांगतो आणि वर दोन गोष्टी जास्तीच्या सांगतो. त्या ऐकून घ्या.