सुवास गेला तो जमिनीमुळें कीं बियाण्यामुळें?

शेणव्याच्या आसपास सुवासिक भाताचें एखादें खाचर राखणाऱ्या खातेदारास विचारावें, तर एक तक्रार हटकून ऐकूं येते : पूर्वीचा वास आतां राहिला नाहीं, खतांनीं जमीन बिघडली. जमिनीला दोष देणें सोपें, कारण ती उलट बोलत नाहीं. माझें मत निराळें आहे. आधीं कणगी तपासावी, मग जमीन.

रोपाच्या पेशींत डी. एन. ए. नांवाचें दप्तर असतें. त्याची लिपि अवघ्या चार अक्षरांची. मूळ दप्तर कचेरीबाहेर जात नाहीं, खातेदारास नक्कल मिळते, तसेंच येथें. जनुकाची आर. एन. ए. नांवाची नक्कल केंद्रकांतून बाहेर येते व रायबोसोम नांवाचें सूक्ष्म यंत्र ती तीनतीन अक्षरांनीं वाचतें. एका त्रिकुटाला एक अमिनो आम्ल. तीं ओळीनें गुंफलीं कीं प्रथिन तयार होतें. कांहीं त्रिकुटें मात्र ‘येथें थांबा’ एवढेंच सांगतात. ही भाषा उलगडणाऱ्यांत पंजाबांत जन्मलेले हरगोविंद खुराना होते. १९६८ सालीं त्यांना इतर दोघांसह नोबेल पारितोषिक मिळालें.

बिनवासाच्या भातांतील एक प्रथिन सुवासाचा कच्चा माल दुसऱ्याच कामीं लावून टाकतें. बासमती व इतर अनेक सुवासिक जातींत त्या प्रथिनाच्या जनुकांतून आठ अक्षरें गळालेलीं आहेत, हें २००५ सालीं प्रसिद्ध झालें. आठाला तिनानें भाग जात नाहीं! पुढचीं त्रिकुटें सरकतात, लौकरच ‘थांबा’ येतें, आणि प्रथिन अर्धवट, निकामी निघतें. माल सांचतो व त्याचाच सुवास होतो. ज्याची आपण एवढी प्रतिष्ठा मानतों, तो गुण दप्तरांतील गळतीचा आहे! खतानें हीं अक्षरें गळतही नाहींत, भरूनही येत नाहींत.

परंतु शेजारच्या खाचरांतील पराग एखाद्या फुलावर पडला, म्हणजे त्या दाण्याच्या रोपांत एक प्रत गळकी व एक सबंध येते. सबंध प्रतीवरून प्रथिन तयार होतें आणि वास जातो. भातांत असा संकर बहुधा शेंकडा एकाहून कमीच. पण खळ्यावरील सरमिसळ त्यांत मिळवा, आणि तेंच बीं वर्षानुवर्षें राबांत टाकलें जातें हेंही ध्यानांत घ्या.

दाणा भरतेवेळीं थंडी असली तर वास अधिक धरतो, हें खरें. मात्र वास कमीअधिक होणें निराळें आणि कांहीं ठोंबांना तो मुळींच नसणें निराळें. अशा ठोंबांचीं पानें बारीक कापून, झांकणाच्या भांड्यांत गरम पाण्यांत ठेवून हुंगावीं. संकरित रोपालाही वास येत नाहीं, म्हणून तें येथेंच सांपडतें. तें उपटावें, आणि बियाण्यासाठीं लोंब्या वासाच्या ठोंबांच्याच, झोडणीपूर्वीं वेगळ्या काढाव्या.

आपल्या संघानें सभासदांच्या अशा लोंब्या येत्या हंगामांत एका निराळ्या खाचरांत लावाव्या, इतर भातापासून निदान ३ मीटर अंतर सोडून, आणि कर्जतच्या संशोधन केंद्रांतील जाणत्यांस पीक फुलावर असतां पाहावयास बोलवावें.